शांततेमागचे शौर्य

कॅनडा म्हटले की मराठी मध्यमवर्गीय घरात आज दोन-तीनच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. बर्फाच्छादित विस्तीर्ण भूमी, टोरंटो किंवा व्हँकुव्हरला शिकायला गेलेला भाचा अथवा पुतणी आणि २०२३ पासून भारत-कॅनडा संबंधांत आलेली कटुता. १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमानात घडविलेल्या स्फोटात ३२९ निरपराध माणसे मारली गेली, ती जखम भारतीय मनात अजून ओली आहे. या कटुतेला कारणे आहेत आणि ती नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु एखाद्या राष्ट्राशी मतभेद असणे वेगळे आणि त्याच्या इतिहासाविषयी अनभिज्ञ राहणे वेगळे. जगाच्या व्यासपीठावर ‘शांतिरक्षक’ म्हणून गौरविल्या गेलेल्या या देशाने तो गौरव कोणत्या मार्गाने मिळविला, तो कसा गमावला आणि आज तो पुन्हा कोणत्या दिशेने वळत आहे, या प्रश्नांच्या उत्तरांत भारतासारख्या राष्ट्राला घेण्याजोगे पुष्कळ आहे.

शांतता ही दुबळ्यांची भाषा आहे, असा एक समज रूढ आहे. शांततेची भाषा बोलली की शस्त्राची गरज उरत नाही, हा दुसरा समज. कॅनडाच्या शंभर वर्षांच्या लष्करी इतिहासाने हे दोन्ही समज खोटे ठरविले आहेत. शांततेच्या गोष्टी करणाऱ्या या देशाचा शब्द जगाने मानला, कारण तो शब्द उच्चारणाऱ्यांच्या मागे रणांगणावर पडलेल्या एक लाखाहून अधिक सैनिकांची पुण्याई उभी होती.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा कॅनडाची लोकसंख्या जेमतेम ८० लाख होती. ब्रिटनने युद्ध पुकारले आणि कॅनडा आपोआप युद्धात ओढला गेला. कोणी त्याला विचारले नाही. तरीही पुढील चार वर्षांत ६ लाखांहून अधिक कॅनेडियन लष्करी गणवेशात आले आणि त्यांपैकी ६० हजारांहून अधिक परत आले नाहीत. या सैन्याची पहिली मोठी कसोटी लागली ती बेल्जियममधील इप्र येथे. २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. शेजारची फ्रेंच फळी कोसळली आणि काही मैलांचे खिंडार पडले. नवखी कॅनेडियन डिव्हिजन त्या खिंडाराच्या तोंडावर उभी राहिली. दोन दिवसांनी वायूचा लोट थेट तिच्यावरच आला. गॅसपासून बचाव करणारे मुखवटे तेव्हा नव्हते. ओले केलेले रुमाल नाकातोंडावर बांधून ही पोरे लढली. काही दिवसांत त्या डिव्हिजनचे ६ हजारांवर सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. याच रणभूमीवर २६ एप्रिलला प्रतिहल्ल्यासाठी पुढे झाली ती हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन. तिचीही हानी ४ हजारांच्या घरात गेली. साम्राज्याच्या दोन टोकांहून आलेले हे जवान एकाच मातीत, एकाच विषारी धुक्यात गुदमरून पडले. या घटनेचा उल्लेख ना कॅनडाच्या लोककथेत ठळक आहे, ना भारतीय पाठ्यपुस्तकांत.

दोन वर्षांनी, ९ एप्रिल १९१७ च्या पहाटे, फ्रान्समधील व्हिमी टेकडीवर कॅनडाच्या चारही डिव्हिजन प्रथमच एकत्र लढल्या. ही टेकडी घेण्याचे फ्रेंचांचे प्रयत्न प्रचंड मनुष्यहानीनंतर फसले होते. कॅनेडियनांनी तयारी कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. आघाडीच्या मागे टेकडीची प्रतिकृती आखून हल्ल्याचा सराव पुन्हा पुन्हा केला गेला. सैनिकांना सुरक्षितपणे पुढे नेण्यासाठी भुयारे खोदली गेली. एरवी अधिकाऱ्यांच्या खिशात राहणारे नकाशे सामान्य शिपायांच्या हाती देण्यात आले. अधिकारी पडला तरी शिपायाला आपले लक्ष्य ठाऊक असले पाहिजे, हा त्यामागचा विचार. चार दिवसांत टेकडी हाती आली. त्यासाठी ३,५९८ जवानांनी प्राण दिले. या कोअरचे नेतृत्व तेव्हा ब्रिटिश सेनापती ज्युलियन बिंग यांच्याकडे होते. पुढे ते आर्थर करी यांच्याकडे आले. करी हे युद्धापूर्वी जमीन-मालमत्तेचा व्यवसाय करणारे हौशी सैनिक होते. व्यवसायाने सैनिक नसलेल्या एका स्वकीयाच्या हाती आपली सेना देण्याइतका आत्मविश्वास त्या राष्ट्रात आला होता.

या रक्ताची किंमत कॅनडाने वसूल केली, हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांनी ब्रिटनला सुनावले की, आमची माणसे मरणार असतील तर धोरण ठरविण्यातही आमचा वाटा हवा. व्हर्सायच्या तहावर कॅनडाने स्वतंत्रपणे स्वाक्षरी केली. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्याच्या स्वायत्ततेवर शिक्कामोर्तब झाले. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हाचे चित्र पाहावे. ब्रिटनने ३ तारखेला युद्ध पुकारले. कॅनडाच्या संसदेने चर्चा केली, ठराव केला आणि आठवड्यानंतर, १० सप्टेंबरला स्वतःचे युद्ध स्वतः पुकारले. आणि हिंदुस्थान? व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबरलाच घोषणा करून टाकली. एकाही हिंदी लोकप्रतिनिधीला विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही.

येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि ७० हजारांहून अधिक कामी आली. बलिदानाच्या तराजूत हिंदुस्थानचे पारडे कॅनडाहून हलके नव्हते. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्याही नावाने स्वाक्षऱ्या झाल्या. त्यांतील एक बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची आणि दुसरी लंडनमधील भारतमंत्री माँटेग्यू यांची! कॅनडाला त्याच्या बलिदानाबद्दल स्वायत्तता मिळाली, तर हिंदुस्थानच्या पदरी १९१९ साली रौलट कायदा आणि जालियनवाला बाग आली. शौर्य दोघांचेही होते. फरक होता तो त्या शौर्याचे राजकीय मोल मागणाऱ्या स्वकीय सत्तेचा. ज्या राष्ट्राच्या हाती आपल्या सैन्याची सूत्रे नसतात, त्याचे वीर दुसऱ्याच्या इतिहासात तळटीप होऊन राहतात.

दुसऱ्या महायुद्धात सव्वा कोटीच्याही आतील लोकसंख्येच्या या देशातील सुमारे ११ लाख स्त्री-पुरुष सैन्यात दाखल झाले आणि ४० हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधील दिएप बंदरावरील फसलेल्या हल्ल्यात सुमारे ५ हजार कॅनेडियन उतरले. त्यांपैकी ९०७ जणांना मृत्यू आला आणि जवळजवळ २ हजार शत्रूच्या हाती सापडले. तरीही ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या ‘जुनो’ किनाऱ्यावर १४ हजार कॅनेडियन पुन्हा उतरले. शेल्ट नदीच्या मुखाशी चिखलात लढत त्यांनी अँटवर्प बंदराकडे जाणारा मार्ग खुला केला. उपासमारीने मरणपंथाला लागलेल्या हॉलंडच्या मुक्ततेसाठी त्यांचे ७,६०० हून अधिक जवान त्या भूमीत चिरनिद्रित झाले. युद्धारंभी ज्या नौदलाकडे जेमतेम डझनभर युद्धनौका होत्या, त्याने अटलांटिकवरील ब्रिटनची जीवनवाहिनी राखली. कॅनडाच्या मैदानी प्रदेशातील विमानतळांवर मित्रराष्ट्रांच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक वैमानिकांना व विमानकर्मींना प्रशिक्षण मिळाले.

हे युद्ध युरोपपुरते राहिले नाही. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँगच्या रक्षणासाठी पाठविलेल्या कॅनडाच्या दोन पलटणी राजपूत आणि पंजाब रेजिमेंटच्या पलटणींसोबत जपान्यांशी लढल्या. आलेल्या १,९७५ कॅनेडियनांपैकी साडेपाचशेहून अधिक जण लढाईत किंवा नंतर जपानी बंदिवासात मरण पावले. ४ एप्रिल १९४२ रोजी श्रीलंकेच्या दक्षिणेस टेहळणी करणाऱ्या लिओनार्ड बर्चल या कॅनेडियन वैमानिकाला जपानी विमानवाहू नौकांचा काफिला दिसला. शत्रूची विमाने अंगावर येत असताना त्याने कोलंबोला बिनतारी संदेश धाडला, मग त्याचे विमान पाडले गेले आणि तो युद्धकैदी झाला. त्या संदेशामुळे कोलंबो सावध झाले. याच जपानी मोहिमेत ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे बाँब पडले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका संदेशाचे हिंदुस्थानच्या दृष्टीने काय मोल होते ते कळते. १९४४ च्या अखेरीपासून कॅनडाच्या दोन डाकोटा स्क्वाड्रन इंफाळच्या परिसरातून उड्डाणे करीत ब्रह्मदेशात लढणाऱ्या चौदाव्या सेनेला रसद पुरवीत होत्या. त्या सेनेतील बहुसंख्य सैनिक हिंदी होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जवळचा धागा इटलीत सापडतो. डिसेंबर १९४३ मध्ये मोरो नदीच्या काठी पहिली कॅनेडियन डिव्हिजन आणि आठवी हिंदी डिव्हिजन खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. अडचणीच्या जागेमुळे हिंदी सॅपर्सनी तेथे एक पूल पलीकडच्या, म्हणजे शत्रूच्या बाजूच्या तीरावरून अलीकडे बांधत आणला. ‘अशक्य पूल’ हेच त्याचे नाव पडले. कॅनेडियन ओर्तोना शहरात घराघरांतून, भिंतींना भगदाडे पाडत लढत होते, तेव्हा त्यांच्या डाव्या बगलेवर हिंदी जवान व्हिला ग्रांदेसाठी झुंजत होते. पुढे मे १९४४ मध्ये गारी नदी ओलांडताना आठव्या हिंदी डिव्हिजनला साथ दिली ती कॅनेडियन रणगाड्यांनी. रणगाड्याच्या पाठीवर अख्खा पूल लादून तो गोळीबारात नदीवर ठेवण्याचा पराक्रम तेथेच झाला. याच आठव्या डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्याआधी, जुलै १९४४ मध्ये, टायबरच्या खोऱ्यात माणगावचे यशवंत घाडगे यांनी तोच सन्मान प्राण देऊन कमावला होता. इटलीच्या त्या मातीत मॅपलच्या पानाचे चिन्ह कोरलेल्या शिळा जशा आहेत, तसे हिंदी वीरांच्या दहनाचे स्मारकही आहे.

रणात तावून निघालेली हीच पिढी पुढे शांतिरक्षक झाली. १९५६ साली नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला. जग पुन्हा महायुद्धाच्या उंबरठ्यावर आल्याचे भासत असताना कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी संयुक्त राष्ट्रांचे आपत्कालीन सैन्य उभारण्याचा प्रस्ताव मांडला. मातृदेश मानल्या गेलेल्या ब्रिटनच्या विरोधात उभे राहिल्याबद्दल मायदेशी त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण कल्पना टिकली आणि १९५७ चे नोबेल शांतता पारितोषिक पिअर्सन यांना मिळाले. हे पिअर्सन पहिल्या महायुद्धात सलोनिकाच्या आघाडीवर रुग्णसेवक म्हणून राबले होते. नव्या सैन्याचे पहिले सेनापती ई. एल. एम. बर्न्स यांनी १९४४ साली इटलीत कॅनेडियन कोअरचे नेतृत्व केले होते. युद्धाचा दाह ज्यांच्या अंगाला लागला होता, त्यांनीच युद्ध थांबविण्याची युक्ती शोधली.

या वाटचालीत भारत आणि कॅनडा पावलोपावली एकत्र आले. १९५१ च्या एप्रिलमध्ये कोरियातील कापयाँगच्या लढाईत एका कॅनेडियन पलटणीने चिनी लाटा रोखून धरल्या, तेव्हा त्याच ब्रिगेडमधील जखमींची शुश्रूषा लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचे ६० वे भारतीय पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक करीत होते. १९५४ नंतर हिंदचीनमधील शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते आणि कॅनडा व पोलंड हे सदस्य होते. गाझाच्या वाळवंटात भारतीय पायदळ आणि कॅनेडियन रसद व संदेशवहन तुकड्या दशकभर एकत्र राहिल्या. काँगोत भारतीय ब्रिगेड लढत असताना संदेशवहनाची धुरा कॅनेडियनांवर होती. त्याच काँगोत डिसेंबर १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी हौतात्म्य पत्करून परमवीरचक्र मिळविले. जुलै १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसवर आक्रमण केले तेव्हा तेथील शांतिसेनेचे सेनापती दिवाण प्रेमचंद होते. निकोसियाचा विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात राखण्यासाठी कॅनेडियन छत्रीधारी सैनिक तेथे उभे राहिले. १९९२ साली युगोस्लाव्हियात शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले ते मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेले सतीश नंबियार. त्यांच्या हाताखाली कॅनडाचे लुईस मॅकेन्झी यांनी वेढलेल्या सारायेव्होचा विमानतळ मदतकार्यासाठी खुला केला.

तथापि, शांतिरक्षणाच्या या कार्यात एक उणीव पहिल्यापासून होती आणि तिचा अनुभव भारताला सर्वांत आधी आला. डिसेंबर १९४९ मध्ये सुरक्षा परिषदेचे अध्यक्ष असलेले कॅनडाचे जनरल मॅकनॉटन यांनी काश्मीरसंबंधी एक प्रस्ताव मांडला. हे थोर सेनानी होते, युद्धात कॅनडाच्या पहिल्या सेनेचे त्यांनी नेतृत्व केले होते. पण त्यांच्या प्रस्तावाने आक्रमक पाकिस्तान आणि आक्रमणाचा बळी ठरलेला भारत यांना एकाच पंक्तीत बसविले. दोघांनीही सैन्य मागे घ्यावे, अशी ती मांडणी होती. भारताने ती अव्हेरली आणि ते योग्यच केले. काश्मीरमधील संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक गटाचे पहिले प्रमुख ब्रिगेडियर अँगल हेही कॅनेडियन होते. १९५० साली तेथेच विमान अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या निष्ठेविषयी आदरच असला पाहिजे. परंतु निष्पक्षता म्हणजे न्याय आणि अन्याय यांच्या नेमक्या मध्यावर उभे राहणे, अशी समजूत करून घेतली की त्याचा लाभ नेहमी आक्रमकालाच होतो.

या उणिवेचे भीषण रूप १९९४ साली रवांडात दिसले. तेथील शांतिसेनेचे सेनापती कॅनडाचे रोमियो दालेर यांनी जानेवारीतच न्यूयॉर्कला कळविले होते की, शस्त्रांचे साठे जमत आहेत, कत्तलीची तयारी चालू आहे, ते साठे जप्त करू द्या. परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये संहार सुरू झाल्यावर कुमक धाडण्याऐवजी सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांचे सैन्य २७० वर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. दालेर यांनी हाताशी उरलेल्या मूठभर सैनिकांनिशी काही हजारांचे प्राण वाचविले. मायदेशी परतल्यावर मात्र त्या दृश्यांनी त्यांचे मन पोखरून काढले आणि आपली मनोवेदना त्यांनी जगापुढे उघडपणे मांडली. निळे शिरस्त्राण घातले, पण हात बांधलेले ठेवले, तर शांतिरक्षक हा हत्याकांडाचा केवळ साक्षीदार उरतो. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९९३ मध्ये, क्रोएशियातील मेडक येथे कॅनेडियन पलटणीने गोळीला गोळीने उत्तर देऊन मार्ग काढला होता. गावे आधीच बेचिराख झाली होती, पण तिथल्या अत्याचारांची नोंद जगापुढे आली. तरी शासनाने या लढाईचा गाजावाजा टाळला. ‘शांतिरक्षक लढतात’ ही गोष्ट देशाच्या प्रतिमेत बसत नव्हती. त्या पलटणीचा जाहीर गौरव व्हायला २००२ साल उजाडावे लागले.

या कथेला काळ्या बाजूही आहेत. १९९३ साली सोमालियात कॅनेडियन सैनिकांनी एका किशोरवयीन मुलाला छळ करून मारले. देश हादरला, चौकशी आयोग बसला आणि १९९५ मध्ये ती संपूर्ण एअरबोर्न रेजिमेंट विसर्जित करण्यात आली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सिस पेगमागाबो या ओजिब्वे जमातीच्या नेमबाजाने तीन वेळा लष्करी पदकाचा मान मिळविला. पण कॅनडातील त्याच्या बांधवांना आपली वेगळी कायदेशीर ओळख न सोडता मतदान करण्याचा अधिकार मिळायला १९६० साल यावे लागले. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरील बहुतेक हिंदी प्रवाशांना व्हँकुव्हरच्या बंदरातून हुसकून लावणाऱ्या त्या देशासाठी पुढल्याच वर्षी बक्कमसिंग हा शीख तरुण सैन्यात भरती झाला. जखमा आणि क्षयाने १९१९ साली त्याचा अंत झाला. ब्रिटिश कोलंबियातील हिंदी लोकांना मताधिकार मिळाला तो १९४७ साली. सक्तीच्या भरतीवरून फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांत पेटून उठला होता आणि १९१८ मध्ये तेथे सैन्याच्या गोळीबारात नागरिक मरण पावले. ज्याचे रक्त राष्ट्राला चालते, त्याचा अधिकार राष्ट्राला चालत नसेल, तर त्या राष्ट्राची एकात्मता अपुरीच राहते. हा बोध कोणत्याही समाजाने स्वतःला लावून पाहावा असा आहे.

१९९० च्या दशकानंतर कॅनडात एक चमत्कारिक गोष्ट घडली. शांतिरक्षकाची प्रतिमा लोकप्रिय होत गेली आणि तिला आधार देणारे सैन्य मात्र रोडावत गेले. ऑटावात शांतिरक्षकांचे भव्य स्मारक १९९२ साली उभे राहिले. त्या वेळी जगभर ३ हजारांहून अधिक कॅनेडियन शांतिसैनिक तैनात होते. पुढे ही संख्या घटत अवघ्या काही डझनांवर आली. देशाच्या उत्पन्नातील संरक्षणाचा वाटा वर्षानुवर्षे नाटोच्या २ टक्क्यांच्या अपेक्षेहून बराच खाली राहिला. शेजारी महासत्ता आहे, तीन बाजूंना समुद्र आहे, मग शत्रू येणार कोठून, अशी निश्चिंतता त्यामागे होती. पूर्वजांच्या पुण्याईवर घर किती दिवस चालणार? अफगाणिस्तानाने ही झोप मोडली. २००१ ते २०१४ या काळात ४० हजारांहून अधिक कॅनेडियन सैनिक तेथे गेले आणि १५८ जण परत आले ते शवपेट्यांतून. त्या शवपेट्या ट्रेंटनहून टोरंटोकडे नेल्या जात तेव्हा महामार्गावरील प्रत्येक पुलावर सामान्य माणसे तासन् तास थंडीत उभी राहत. २००७ साली त्या मार्गाला ‘वीरांचा महामार्ग’ हे नाव मिळाले. शासनाच्या आधी समाज जागा झाला होता. युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर आणि शेजारच्या महासत्तेचा सूर बदलल्यानंतर, २०२५ मध्ये पंतप्रधान मार्क कार्नी यांनी २ टक्क्यांचे ते उद्दिष्ट त्याच आर्थिक वर्षात गाठण्याची घोषणा केली. जाग उशिरा आली, पण आली.

एका बाबतीत मात्र हा देश कधीच झोपी गेला नाही. ऑटावाच्या संसद परिसरात १ लाख १८ हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे लिहिलेले स्मृतिग्रंथ जपण्याची परंपरा आहे. रोज सकाळी ११ वाजता त्यांची पाने उलटली जातात. प्रत्येक नाव वर्षातून एकदा तरी उजेडात यावे, यासाठी हा नित्यनेम. दर ११ नोव्हेंबरला राष्ट्रीय स्मारकावर साऱ्या वीरमातांच्या वतीने एक वीरमाता पुष्पचक्र वाहते. हॉलंडनेही ऋण विसरले नाही. युद्धकाळात आश्रय दिल्याबद्दल आणि मुक्ततेबद्दल कृतज्ञता म्हणून दरवर्षी ट्युलिपचे हजारो कंद ऑटावाला पाठविले जातात. होल्टन येथील कॅनेडियन दफनभूमीत नाताळच्या पूर्वसंध्येला डच मुले प्रत्येक समाधीवर दिवा लावतात. आठ दशके उलटली, त्या मुलांचे आजोबाही युद्धानंतर जन्मलेले असतील, पण दिवा विझलेला नाही.

आणि भारतात? संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यात अडीच लाखांहून अधिक भारतीय सैनिकांनी सेवा केली आहे. पावणेदोनशेहून अधिक जवानांनी त्यात प्राण दिले. कोणत्याही देशाहून ही संख्या अधिक आहे. शांतिरक्षक म्हणून कीर्ती कॅनडाची झाली, पण सर्वाधिक रक्त भारताने सांडले. स्वतंत्र भारताच्या हुतात्म्यांसाठी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहायला २०१९ साल उजाडावे लागले. ते उभे राहिले, हे समाधान आहे. पण दगडी स्मारक हे स्मरणाचे साधन असते, स्मरण समाजालाच करावे लागते. पहिल्या महायुद्धात ४६ वीर गमावणाऱ्या साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावाचे नाव किती मराठी मुलांना ठाऊक आहे? २०२३ साली इटलीतील मोंतोने गावाने यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. परक्या गावाला ज्याचे ऋण वाटते, त्याची गोष्ट रायगड जिल्ह्यातील शाळांत दरवर्षी सांगितली जाते का?

कॅनडाचा इतिहास भारतापुढे एक सरळ प्रमेय मांडतो. सामर्थ्याविना केलेली शांततेची भाषा ही विनवणी ठरते. स्वतःची सत्ता नसेल तर शौर्याचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. न्याय-अन्यायाचा विवेक नसलेली तटस्थता अखेर बळीच्या वाट्याला मरण देते. आणि पूर्वजांनी मिळविलेली प्रतिष्ठा प्रत्येक पिढीने नव्याने कमवावी लागते. पहिल्या तीन गोष्टी शासनाच्या कक्षेतील आहेत. चौथी मात्र घराघरांतील आहे. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला किंवा मुलीला परावृत्त न करणारे आईवडील, गावातल्या वीरपत्नीची वर्षातून एकदा नव्हे तर बारमाही विचारपूस करणारे शेजारी, आपल्या तालुक्यातील हुतात्म्यांची नावे पाठ असलेले विद्यार्थी, हे कोणत्याही अंदाजपत्रकात न मावणारे संरक्षणबळ आहे. होल्टनच्या थंडीत परक्या सैनिकासाठी दिवा लावणारे लेकरू जे करू शकते, ते आपल्याच रक्ताच्या वीरांसाठी करणे भारतीय समाजाला अवघड का वाटावे?